शब्द हवेत: 'इन्सिडन्स' आणि 'प्रिव्हलन्स'

शेवंता:
विद्यापीठात साथरोगशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते, पदव्युत्तरचं पहिलं सत्र. निम्मी मुलं बारावीपर्यंत मराठी माध्यमातली, म्हणून सरावाचे कागद मराठीत करायला घेतले आणि या जोडीपाशी अडले. इन्सिडन्स म्हणजे ठरावीक काळात नव्याने आजारी पडलेले. प्रिव्हलन्स म्हणजे अमुक दिवशी आजारी असलेले, नवेजुने सगळे. मी 'प्रादुर्भाव' आणि 'प्रमाण' लिहिलं होतं. सहकाऱ्याने दोन्हींवर काट मारली. म्हणे, प्रादुर्भाव कपाशीवर बोंडअळीचाही होतो आणि प्रमाण कशाचंही असतं. धड शब्द सुचवा.

बोरूबहाद्दर:
'आपतन' आणि 'प्रचलन'. पत् म्हणजे पडणे. आपण आजारी 'पडतो'च ना? संस्कृतात सोय असताना हात पसरायचे कशाला?

उनाड पाऊस:
आपतन कोन शाळेत आरशावर काढलाय. गोवर काय आरशावर पडणार? करोनात 'आजचे नवे रुग्ण' आणि 'सक्रिय रुग्ण' शेंबड्या पोरालाही कळत होतं. तेच वापरा.

बोरूबहाद्दर:
'सक्रिय रुग्ण' हा भाषेचा खून आहे. माणूस अंथरुणाला खिळलेला, तो सक्रिय कसला?

खोडवा:
आमच्या शिवारात दोन्ही शब्द आहेत. यंदा नवा लावला तो ऊस म्हणजे 'लागण'. तुटून गेल्यावर बुडख्यातून फुटला तो खोडवा. लागण अधिक खोडवा म्हणजे रानातला एकूण 'उभा ऊस'. नवी लागण काही न करता खोडवे राखत गेलात तरी उभा ऊस दिसतोच. मधुमेहाचं असंच नाही का? जुना रोगी औषधावर जगतो, मोजणीत राहतो. ताई, तुमच्या पोरांना हे पाच मिनिटांत कळेल.

डॉ. अर्धशिशी:
खोडवासाहेब, उपमा झकास, पण 'लागण' आमच्याकडे आधीच कामाला लावलाय. लागण म्हणजे जंतू शरीरात शिरणं. क्षयाची लागण झालेल्या शंभरातले पाच-दहाच जण पुढे कधीतरी आजारी पडतात. मुलं हे दोन आकडे एक समजली तर उत्तरपत्रिका कोण तपासणार?

खोडवा:
लावलेला प्रत्येक डोळा तरी कुठं उगवतो? त्याला 'उगवण' म्हणा.

शेवंता:
'उगवण' वाईट नाही. पण मग 'अटॅक रेट'चं, म्हणजे साथीत सापडलेल्या शंभरातले किती आजारी पडले त्याचं, काय? पुढचा सराव ओस्वेगोचा आहे. न्यूयॉर्क राज्यातला हा परगणा, 18 एप्रिल 1940, चर्चमधलं रात्रीचं जेवण. चौकशी केलेल्या 75 जणांपैकी 46 आजारी. मुलांनी एकेका पदार्थाचा तक्ता मांडायचा: व्हॅनिला आइसक्रीम खाल्लेले 54, त्यांतले 43 आजारी. न खाल्लेले 21, त्यांतले फक्त 3. म्हणजे 80 टक्के आणि 14 टक्के. मी 'बाधादर' लिहिलंय, विषबाधेतला.

उनाड पाऊस:
बाधा म्हटलं की आजीला भूत आठवतं. 'हल्लादर' करू नका म्हणजे मिळवली.

बोरूबहाद्दर:
आणि हे 'चर्चमधलं रात्रीचं जेवण' काय प्रकरण आहे? पंगत म्हणा. आइसक्रीमऐवजी बासुंदी घाला, मुलांना आपलं वाटेल.

डॉ. अर्धशिशी:
घटना खरी आहे हो, तिला बासुंदी कुठून पाजता? शिवाय पंगतीत वाढपी सगळ्यांच्या पानात सगळं वाढतो. न खाल्लेले 21 मिळणार कुठून? तिथे ज्याने त्याने आपल्या आवडीचं घेतलं, म्हणून तर तुलना जमली.

उनाड पाऊस:
शब्दाने आकडा कसा फिरतो ते सांगतो. विद्यार्थी असताना अशाच प्रात्यक्षिकाला आम्हाला एका गावात घरोघर पाठवलं. छापील प्रश्न: 'गेल्या पंधरवड्यात घरात कुणाला अतिसार झाला का?' पहिल्या आळीत जवळजवळ शून्य. गाव ठणठणीत म्हणून आम्ही खूश. दुसऱ्या आळीत माझ्या जोडीदारणीने कागद बाजूला ठेवून 'ढाळ लागले होते का कुणाला?' असं विचारलं. घराघरातून एकेक पोर निघालं. एका आजींनी तर आम्हालाच झापलं, 'मघाशी त्या पोराला सांगितलं नाही, म्हटलं कसला मोठा रोग विचारतोय कुणास ठाऊक.' चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ, ही व्याख्या आम्हाला तोंडपाठ होती. ती विचारायची कशी, हे कुणी शिकवलं नव्हतं. सरांनी दोन्ही आळ्यांची सरासरी काढायला लावली, ते वेगळंच.

बोरूबहाद्दर:
म्हणून शास्त्राची परिभाषा ढाळावर उतरवायची?

उनाड पाऊस:
प्रश्नावलीत हो. तक्त्याच्या मथळ्यात अतिसार लिहा, खुशाल.

शेवंता:
हा किस्सा वर्गात वापरू का? आणि 'प्रिव्हलन्स' अजून बाकी आहे. 'उभे रुग्ण' लिहिता येत नाही, निम्मे झोपलेले असतात.

बोरूबहाद्दर:
त्याआधी 'साथ' बघा. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. तांड्याबरोबर रोग गावात येई, म्हणून ती साथ.

खोडवा:
सोबतीचीच साथ आहे ती. एकाला झालं की शेजाऱ्याला होतं. आमच्याकडं डोळे आले तरी 'साथ आलीय' म्हणतात, त्याला तांडा कशाला लागतो?

बोरूबहाद्दर:
डोळे 'आले' का म्हणतात, हा वेगळा विषय आहे. देवीही 'येत'. म्हणजे पाहुण्यासारखं...

शेवंता:
कागद उद्या दहा वाजता छपाईला जातोय. तूर्त 'नवे रुग्ण' आणि 'एकूण रुग्ण' लिहिते.

डॉ. अर्धशिशी:
एकूण म्हणजे आजवरचे की आजचे?

खोडवा:
बासुंदीचं राहिलंच. एवढी आटवल्यावर जंतू राहतील का तिच्यात?

डॉ. अर्धशिशी:
आटवताना मरतील. पण गार झाल्यावर वाढणाऱ्याच्या हातावरून स्टॅफिलोकॉकस पडला आणि पातेलं रात्रभर तसंच राहिलं, तर त्याने सोडलेलं विष पुन्हा उकळूनही जात नाही.