मदत हवी आहे: मानेत मज्जारज्जू दबलाय, ऑपरेशन पुढून की मागून?

निळाई: बाबांचा एमआरआय झाला, मानेत मज्जारज्जू दबलाय. एक सर्जन म्हणतात पुढून करू, दुसरे म्हणतात मागून. कुणाचं ऐकू? परवा तारीख कळवायची आहे, प्लीज लवकर सांगा.

रानवारा: किती लेव्हल, म्हणजे किती मणक्यांपाशी दबलाय? वय? गुंडी लावता येते का, चालताना तोल जातो का, लघवीची घाई होते का? शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार!

माळरान: ऑपरेशनची घाई नको. ट्रॅक्शन आणि कॉलर, महिन्याभरात मान मोकळी होते.

उंबरठा: @माळरान, हा सल्ला इथे नको. हाताकडे जाणारी नस दबली असेल तर ट्रॅक्शन काही वेळा देतात. इथे मज्जारज्जूच दबलाय. ताण दिला, कुणी मान मोडून दिली, तर हातपाय जाऊ शकतात.

चिंचबन: कमरेच्या एल४-एल५ ची गादी हल्ली दुर्बिणीतून काढतात, दुसऱ्या दिवशी घरी. तसंच करून घ्या.

रानवारा: चिंचबन, प्रश्न मानेचा आहे.

निळाई: वय ६४. मानेचे मणके सी३-४ ते सी६-७, रिपोर्टमध्ये ओपीएलएल लिहिलंय. गुंडी लागत नाही, पाय फाकवून चालतात. शुगर आहे, स्टेंटमुळे क्लोपिडोग्रेल चालू आहे. दुखत अजिबात नाही, म्हणून बाबा टाळतायत.

उंबरठा: दुखत नाही यावर जाऊ नका, या आजारात बऱ्याचदा दुखत नाहीच. एमजेओए स्कोअर काढून घ्या, हात, पाय, लघवी किती बिघडलंय याचे गुण, १८ पैकी असतात. १५ ते १७ सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ किंवा खाली तीव्र. मध्यम आणि तीव्रला ऑपरेशनच सुचवतात. बाबांना हेही सांगा की पहिला हेतू आजार तिथेच थांबवणं हा आहे. गेलेली ताकद किती परत येईल याची खात्री नसते, आणि उशीर केला तर ती आणखी कमी मिळते.

रानवारा: ओपीएलएल आधी सांगायला हवं होतं, सगळं त्यावरच आहे. मणक्यांच्या मागचं लिगामेंट हाड झालंय. सीटी झालाय का? मानेच्या बाजूच्या एक्स-रेवर सी२ आणि सी७ पाशी कॅनॉलच्या, म्हणजे रज्जू जातो त्या पोकळीच्या, मध्यबिंदूंना जोडणारी रेषा काढतात, के-लाइन. हाड रेषेच्या पुढेच असेल तर लॅमिनोप्लास्टी करून, म्हणजे मागची कमान दारासारखी उघडून, रज्जूला मागे सरकायला जागा मिळते. हाड रेषा ओलांडून मागे आलं असेल तर कमान उघडूनही रज्जू हाडावर ताणलेलाच राहतो. मग पुढून, किंवा मागून स्क्रू-रॉडसह. पुढून काढताना हाड ड्युराला, म्हणजे रज्जूवरच्या आवरणाला, चिकटलेलं असलं तर ड्युरा फाटून आतलं पाणी गळतं. दोघांनाही विचारा: के-लाइन कुठे आहे, दाखवा.

पाऊलवाट: मागून केलं की खांदा उचलत नाही. पुढूनच करा.

उंबरठा: खांदा न उचलणं म्हणजे सी५ पाल्सी, ती दोन्हीकडून होते, साधारण १०० त ५ जणांना, बहुतेकांची काही महिन्यांत सुधारते. पुढून केलं तर गिळायला त्रास आणि आवाज बसणं जास्त. पहिल्या दिवशी गळा सुजला, श्वास अडला तर तत्क्षणी सिस्टरला हाक मारा. आत रक्त साठलं असेल तर टाके तिथेच, बेडवर उघडावे लागतात.

माळरान: उशी किती उंच ठेवायची तेही सांगा कुणीतरी.

निळाई: सीटी झालाच नाहीये. एमआरआय पुरत नाही का?

रानवारा: नाही, हाड सीटीतच नीट दिसतं. आणि क्लोपिडोग्रेल सहसा ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण ते कार्डिओलॉजिस्टना विचारूनच. त्यांचं उत्तर येईपर्यंत परवाची तारीख देऊ नका. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी, करा. तंबाखू, मिश्री असेल तर आजच बंद, निकोटिनमुळे हाड जुळत नाही. भूलतज्ज्ञांना आधी भेटा, मान मागे न वाकवता नळी घालावी लागेल.

स्टेंट कधी घातलाय?