आरतीतली ‘उटी’ म्हणजे नेमकं काय?

केशरकाडी:
सुखकर्ता दुःखहर्ता आपण सगळेच लहानपणापासून म्हणतो, त्यात पहिल्याच कडव्यात ‘सर्वांगी सुंदर उटी शेंदुराची’ आहे आणि पुढे ‘चंदनाची उटी कुंकुमकेशरा’. मग उटी म्हणजे दिवाळीचं उटणंच का? शब्द आला कुठून? लेकीने विचारलंय, तिला नीट सांगायचंय.

सहाण_खोड:
मूळ एकच आहे. संस्कृत उद्वर्तन म्हणजे अंगाला चोळणं, प्राकृतात त्याचं उव्वट्टण झालं, तिथून हिंदीत उबटन आणि आपल्याकडे उटणं. उटीपण त्याच घरातली, पण काम वेगळं. उटणं चोळून धुवून टाकायचं, उटी लावून अंगावर तशीच राहू द्यायची, म्हणजे लेपच. चंदन सहाणेवर उगाळायचं, दाटसर ठेवायचं, वरून केशर. तुकोबांच्या अभंगातही ‘कस्तुरीमळवट चंदनाची उटी’ आहे बघा, तिथे विठोबाच्या अंगावरचा लेपच म्हटलाय.

रानवाळा:
पण शेंदूर कुठे सुवासिक असतो? त्याची उटी कशी काय?

काढा_चूर्ण:
@रानवाळा प्रश्न एकदम बरोबर. वास नंतरचा, आधी माखणं. अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात उद्वर्तनाचे गुण दिलेत, कफ कमी होतो, मेद झडतो, अंग घट्ट होतं, कांती सुधारते, त्या श्लोकात सुवासाचं नावही नाही. आणि ते उद्वर्तन बहुतेक कोरड्या चूर्णाने, लवेच्या उलट दिशेने चोळून करतात. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद अशा वासाच्या वस्तू पडल्या म्हणून आपल्या डोक्यात उटणं म्हणजे सुगंध असं बसलं. गणपतीला तेलात कालवलेला शेंदूर सगळ्या अंगाला माखतात, म्हणून ‘सर्वांगी’, म्हणून तीपण उटीच.

गोदाकाठ:
आमच्या नाशिककडे हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे हो, आरतीपुरता नाही. चैत्र वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीला चंदनाची उटी लावतात, त्या यात्रेचं नावच ‘उटीची वारी’. ऐन उन्हाळा, समाधीला गारवा मिळावा हा भाव. नंतर ती उटी उतरवून वारकऱ्यांना प्रसाद म्हणून वाटतात. पंढरपूरलाही पाडव्यापासून मृग लागेपर्यंत विठ्ठलाची चंदनउटी पूजा असते. लेकीला घेऊन या एकदा, उटी कपाळाला लावून घेतली की तिला वेगळं समजवायला लागणार नाही.