मदत हवी आहे: आईची हृदयाची झडप कृत्रिम, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर रक्तस्राव, अ‍ॅसिट्रॉम (रक्त पातळ करणारी गोळी) पुन्हा कधी?

नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

पेशंट माझी आई, वय 62, राहणार सांगोला. लहानपणी आलेल्या संधिवाताच्या तापाने तिची मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) खराब झाली होती. 2011 मध्ये ती बदलून चित्रा व्हॉल्व्ह (धातूची कृत्रिम झडप) बसवला. तेव्हापासून रोज संध्याकाळी अ‍ॅसिट्रॉम. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायचा, आणि आईने तो ठेवलाय. तिची वही इतकी नीट आहे की आमच्या गावचा लॅबवाला ती इतर पेशंटना दाखवतो.

पित्ताशयात खडे झाले, सूज आली, म्हणून सोलापूरला दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. आधी अ‍ॅसिट्रॉम थांबवून पोटावर एनॉक्सापॅरिनची (हेही रक्त पातळ करणारंच) इंजेक्शनं दिली, सकाळ-संध्याकाळ. ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना अ‍ॅसिट्रॉम पूर्वीच्याच डोसने सुरू, इंजेक्शनही चालू, जोडीला मेट्रोनिडाझोल आणि आणखी एक अँटिबायोटिक. डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे ते आहे, आयएनआर कधी करायचा ते कुठेच नाही. आई जेवत नव्हती. पेज आणि ताक, एवढंच.

आठवडाभराने बेंबीखाली दुखायला लागलं. संध्याकाळी बघितलं तर बेंबीपासून उजव्या जांघेपर्यंत पोट काळं-निळं, हाताला टणक. उभी राहिली की घेरी. परत अ‍ॅडमिट. आयएनआर 6.8, हिमोग्लोबिन 11.4 वरून 8.1. सोनोग्राफीत पोटाच्या स्नायूत रक्त साकळलेलं दिसतंय, पोटाच्या आत नाही. प्लाझ्मा दिला, रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हिटॅमिन के चा छोटा डोस दिला, एक पिशवी रक्त चढवलं. सिस्टरनी बॉलपेनने काळ्या डागाच्या कडेने रेघ मारून ठेवलीय, डाग पसरतोय का ते कळायला.

आता खरी अडचण. सर्जन म्हणतात, रक्त पातळ करणारं काहीही दहा दिवस द्यायचं नाही. पुण्याचे हृदयरोगतज्ज्ञ फोनवर म्हणाले, इतके दिवस झडप औषधाविना ठेवायची नाही, तिच्यावर रक्ताची गाठ बसली तर झडप अडकेल किंवा पक्षाघात होईल. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात. भाऊ म्हणतो, जवळ आहेत त्यांचंच ऐकू. तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? असं का झालं असेल? आणि आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्यात म्हणतात, त्या आईला चालतील का?

---

प्रतिसाद

ताई, मी फिजिशियन आहे, पण पेशंट बघितलेला नाही, तेव्हा हे निर्णय म्हणून घेऊ नका. तिथल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल एवढंच.

का झालं, याचं कोडं फारसं नाही. मेट्रोनिडाझोल यकृतात अ‍ॅसिट्रॉमचा निचरा मंदावतं, म्हणजे तीच गोळी जास्त डोसात घेतल्यासारखी लागू पडते. अँटिबायोटिकने आतड्यातले व्हिटॅमिन के बनवणारे जंतूही कमी होतात. त्यात पेजेवर राहिल्याने अन्नातून मिळणारं के जवळजवळ बंद. वर एनॉक्सापॅरिन. त्याचा परिणाम आयएनआरमध्ये दिसत नाही, म्हणजे 6.8 हा आकडासुद्धा अर्धीच गोष्ट सांगतो. क्रिएटिनिन किती आहे ते विचारा. किडनी मंद असेल तर हे इंजेक्शन अंगात साठतं.

पुढचं. अ‍ॅसिट्रॉमचा असर वॉरफरीन या तशाच दुसऱ्या गोळीपेक्षा लवकर उतरतो, आणि प्लाझ्मा व के दिल्यावर तर आणखी लवकर. त्यामुळे एक-दोन दिवसांत आईचं रक्त सर्वसाधारण माणसासारखं गोठायला लागेल. कृत्रिम झडपेत मायट्रलची जागा अ‍ॅओर्टिक झडपेपेक्षा (महाधमनीच्या तोंडाशी असते ती) जास्त धोक्याची, तिथे गाठ लवकर बसते. दहा दिवस सरसकट बंद हे मला जड वाटतं. पण सर्जनची भीतीही खोटी नाही. स्नायूतला रक्तस्राव थांबला असं वाटून पुन्हा सुरू होऊ शकतो.

मधला रस्ता बहुतेक वेळा असा काढतात: हिमोग्लोबिन दिवस-दोन दिवस स्थिर राहिलं, पोटाच्या स्नायूतली गाठ वाढत नाही असं दिसलं, की वॉर्डातच साध्या हेपॅरिनची (रक्त पातळ करणाऱ्या औषधाची) ड्रिप, पहिला मोठा डोस न देता, कमी वेगाने. दर सहा तासांनी एपीटीटी (हेपॅरिनचा असर दाखवणारी रक्ततपासणी) तपासायचं. हेपॅरिन एवढ्यासाठी की काही गडबड वाटली तर ड्रिप बंद केल्यावर काही तासांत असर जातो, आणि प्रोटामिन हा उतारा हाताशी असतो. पोटावरच्या इंजेक्शनचं तसं नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. तुम्ही मध्ये निरोप्या बनू नका, अर्धं हरवतं.

नव्या गोळ्या: धातूच्या झडपेला नाही. त्यांच्यापैकी डॅबिगाट्रानचा प्रयोग झाला होता, त्यात गाठी आणि रक्तस्राव दोन्ही जास्त झाले म्हणून मध्येच थांबवावा लागला. 2013 मध्ये ते प्रसिद्धही झालं. पुढे अ‍ॅपिक्साबानचाही असाच गुंडाळला. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

---

प्रतिसाद

माझीही झडप बदललेली आहे, वीस वर्षं होत आली. रात्री खोली शांत असली की नातवाला टिकटिक ऐकू येते, तो घड्याळ शोधतो.

आयएनआर एकाच लॅबमध्ये करा. निळ्या झाकणाची नळी रेघेपर्यंत भरली की नाही ते स्वतः बघा. कमी भरली तर आतल्या औषधाचं प्रमाण जास्त होतं आणि आयएनआर उगाच वाढलेला येतो. कुठलंही नवं औषध सुरू झालं, दाताच्या डॉक्टरने दिलेलं का असेना, की चार-पाच दिवसांत तपासणी. औषध बंद झालं की पुन्हा एकदा, कारण तेव्हा आकडा खाली येतो. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकला हात लावायचा नाही.

मेथी-पालक (त्यात व्हिटॅमिन के असतं) खाणं बंद करू नका हो, सगळे बंद करायलाच सांगतात. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा, डोस त्यावर बसवलेला असतो.

---

प्रतिसाद

अर्जुनाची साल आणि लसूण सुरू करा, गोळ्यांची गरजच पडणार नाही.

---

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाकडे कृपया दुर्लक्ष करा. लसणाच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, आणि सालीच्या भरवशावर झडप सोडणं म्हणजे काय ते इथे नव्याने सांगायला नको. संपादकांना कळवलंय.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. दोन्ही डॉक्टर काल रात्री एकमेकांशी बोलले, भूलतज्ज्ञांनीच फोन जोडून दिला. क्रिएटिनिन 1.6 निघालं, म्हणजे पोटावरचं इंजेक्शन साठलं असावं असं तेही म्हणाले. आज आयएनआर 1.8, हिमोग्लोबिन 9.2, आणि डाग रेघेच्या आतच. हेपॅरिनची ड्रिप दुपारी सुरू केली, हळू वेगाने. अ‍ॅसिट्रॉम तीन-चार दिवसांनी, कमी डोसपासून. आईने आज पहिल्यांदा भाकरी मागितली, आणि सर्जनवर रागही काढला, तेव्हा ती सुधारतेय असं मी धरते.

आता एकच. घरी आल्यावर पहिले काही आठवडे आयएनआर वरचेवर लागणार. सांगोला-पंढरपूर भागात त्याच दिवशी रिपोर्ट देणारी लॅब कुणाला माहीत आहे का? आमचा लॅबवाला सॅम्पल बाहेर पाठवतो, आकडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येतो. आणि बोटातून थेंब घेऊन आयएनआर सांगणारं मशीन कुणी घरी वापरतं का, पट्ट्यांचा महिन्याचा खर्च किती येतो?