'बेल्लिसिमो'ला पेंटरनं कात्री लावली का?

जुनीपानं (धागाकर्ता)
विल्यम पेंटरचा भाषांतरित गोष्टींचा इंग्रजी संग्रह 'द पॅलेस ऑफ प्लेझर' (१५६६) आणि त्यातल्या काही गोष्टींचं इटालियन मूळ, बोकाच्चोचं 'देकामेरॉन', शेजारी ठेवून वाचतोय. 'देकामेरॉन'मध्ये दहा दिवस गोष्टी सांगितल्या जातात; सध्या तिसऱ्या दिवसाची नववी गोष्ट, जिलेत्ताची. शेक्सपिअरचं 'ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल' हिच्यावरूनच आलं. पहिल्याच परिच्छेदात अडखळलो. काउंटचा मुलगा बेल्त्रामो बोकाच्चोकडे 'बेल्लिसिमो ए पियाचेवोले' आहे, म्हणजे अतिशय देखणा आणि लाघवी. पेंटरकडे तो 'अ व्हेरी यंग चाइल्ड, एमिएबल अँड फेअर', म्हणजे अगदी लहान, लाघवी आणि देखणा. देखणेपणावरचं 'अतिशय' गेलं कुठे? पुढे वैद्याच्या पोरीचं, जिलेत्ताचं, त्याच्यावर 'इन्फिनितो आमोरे' जडतं. पेंटरची जिलेत्ता नुसती 'फर्व्हंटली' प्रेमात पडते. 'अनंत' गळालं, 'उत्कट' उरलं.

इंग्रजीला इटालियनमधल्या 'इस्सिमो'सारखा 'अतिशय' सांगणारा प्रत्यय नव्हता, कबूल. पण व्हेरी, राइट, पासिंग, मार्व्हलस, एक्सीडिंग अशी जोर देणाऱ्या शब्दांची अख्खी फौज हाताशी होती. पेंटरनं हात आखडता घेतला आणि गोष्ट अळणी केली, असं माझं मत. झोडा.

चकलीबहाद्दर
असहमत. 'व्हेरी' तिथेच आहे की, फक्त जागा बदलून बसलंय! इटालियनमध्ये पोरगा नुसता 'पिक्कोलो', लहान. पेंटरनं जोर रूपावरून उचलून वयावर ठेवला. गोष्ट एकत्र वाढलेल्या मुलांची आहे, तेव्हा वय ठसणंच महत्त्वाचं. दुसरं म्हणजे, बोकाच्चो 'इस्सिमो' चिवड्यातल्या शेंगदाण्यांसारखे टाकतो. दर घासाला एक. सगळे उचलून इंग्रजीत ठेवले असते तर तिसऱ्या पानावर पुस्तक मिटलं असतं.

मधलीभिंत
दोघांचीही गल्लत होतेय. पेंटरच्या हाताशी एकटा बोकाच्चो नव्हता, ल मासोंचं 'देकामेरॉन'चं १५४५चं फ्रेंच भाषांतरही होतं. शब्द कोणी गाळला हे फ्रेंच उघडल्याशिवाय ठरवायचं कसं? आणि रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट तर बांदेल्लो या इटालियन कथाकाराकडून बोआस्तुओच्या फ्रेंचमध्ये आणि तिथून पेंटरकडे आली. 'इटालियन कथांचं भाषांतर' म्हणताना मधलं हे स्टेशन आपण विसरतो.

जुनीपानं
फ्रेंचच्या माथी मारून पेंटर सुटत नाही. मूळ समोर असताना निवड त्याचीच. आणि तो एकटा नाही. १६२०चं इंग्रजी 'देकामेरॉन' घ्या, ज्याच्या भाषांतराचं श्रेय बरेच जण जॉन फ्लोरिओला देतात. पुस्तकाच्या सुरुवातीला प्लेग येतो तो फ्लोरेन्समध्ये, 'इटलीतल्या इतर सर्व शहरांहून सुंदर' अशा नगरीत. मुळात तिथे 'बेल्लिसिमा' आहे. इंग्रजीत 'एक्सलंट सिटी, फार बियाँड ऑल द रेस्ट इन इटली'. तुलना ठेवली, सौंदर्य गेलं.

चकलीबहाद्दर
'फार बियाँड' हा जोर नाही तर काय आहे? तुम्हाला प्रत्ययाच्या जागी प्रत्ययच हवाय.

आजीचानातू
मुळात 'व्हेरी'चा कान आजचा लावू नका. तो शब्द आला 'खरा' या अर्थानं. १५४९च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात 'व्हेरी गॉड ऑफ व्हेरी गॉड' आहे, तिथे 'फार देव' वाचून बघा! पेंटरच्या काळी दोन्ही अर्थ एकाच घरात नांदत होते. शब्द पुरता झिजला नव्हता, म्हणजे थोडक्यातही त्याचं काम होत असणार. मी 'भयंकर गोड आहे बासुंदी' म्हटलं की आजी अजून पातेल्याकडे संशयानं बघते. तिच्या कानात 'भयंकर'मधलं भय शिल्लक आहे.

मधलीभिंत
बासुंदीला +१. पण पेंटरवरून सगळ्या काळाला काटकसरी ठरवू नका. जेफ्री फेंटन या दुसऱ्या इंग्रज भाषांतरकारानं १५६७मध्ये बांदेल्लोच्या गोष्टी बेलफरेच्या फ्रेंचवरून घेतल्या, आणि तिथे उपदेश नि फुगवटा इतका, की गोष्ट शोधायला कंदील लागतो. जोर कमी पडला असं त्याच्याबाबतीत कोणी म्हणणार नाही.

जुनीपानं
फेंटनचं मान्य. पण तुमच्या 'उपदेशा'वरून एक आठवलं, ते मघाशी निसटलं होतं. जिलेत्ताचं प्रेम मुळात 'कोवळ्या वयाला शोभेल त्यापलीकडे' उत्कट आहे. पेंटर लिहितो, 'मोअर दॅन वॉज मीट फॉर अ मेडन ऑफ हर एज'. 'मेडन' त्यानं पदरचं घातलं. मुळात वय आहे, इंग्रजीत कुमारिकेची मर्यादा आली. वर अनंत प्रेमातलं 'अनंत' काढलं ते निराळंच. १५७०मध्ये छापलेल्या पुस्तकात इंग्रज शिक्षक-लेखक रॉजर ॲस्कम असल्या इटालियन पुस्तकांवर तुटून पडला, लंडनच्या दुकानादुकानांत ती विकली जातात म्हणून. अशा हवेत पेंटर जोर कुठे कमी करतोय आणि कुठे वाढवतोय, हे निव्वळ व्याकरण वाटतं का तुम्हाला?

चकलीबहाद्दर
'मेडन'वर गप्प. 'बेल्लिसिमो'वर अजूनही नाही. पोरगा 'फेअर' आहे, पुरे की!