पहिल्या वर्षाला मानसिक आरोग्याचा पेपर सक्तीचा करावा का?

पारिजात: वसतिगृहात आमच्या शेजारच्या खोलीतली मुलगी आधी रात्रीच्या जेवणाला येईनाशी झाली, मग सकाळच्या. डबा नेऊन ठेवला तर दुसऱ्या दिवशी तसाच, पोळ्या वाळून कडक. आम्ही म्हणायचो, "आळशी आहे, परीक्षा आली की उठेल." तीन आठवड्यांनी वडील येऊन घेऊन गेले. नैराश्य निघालं. आता बरी आहे, गोळ्या चालू आहेत. पण आम्ही चौघी एमएस्सीच्या, आणि झोप, भूक, आंघोळ सगळंच सुटलं तर तो आजार असू शकतो हे एकीलाही ठाऊक नव्हतं. पर्यावरणाचा पेपर सगळ्यांना असतो, तसा हाही हवा.

कडूनिंब: पर्यावरणाच्या पेपरचं काय होतं ते बघितलंय ना? आदल्या रात्री गाईड, एकमेकांचे प्रकल्प उतरवून काढायचे. उद्या "नैराश्याची लक्षणे लिहा, ५ गुण" असं होईल. आधी माणूस द्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजसेवक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. आमच्या कॉलेजात दारावर पाटी आहे आणि दाराला कुलूप.

पारिजात: कुलूप नसतं तरी आम्ही तिला नेलं नसतं. आळशी माणसाला समुपदेशकाकडे कोण नेतं?

पेठेतली अभ्यासिका: माझाही विरोध. रील बघून सगळेच डॉक्टर झालेत. दोन रात्री झोप नाही की डिप्रेशन, टापटीप आवडली की ओसीडी. माझ्या रूममेटनं सहा महिने स्वतःला डिप्रेशन ठरवलं होतं, रक्त तपासलं तर थायरॉइड.

पारिजात: मग हे माझ्याच बाजूचं झालं. थायरॉइडनंही माणूस असा मरगळतो, आधी तपासून घ्यावं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

रात्रपाळी: मी मानसोपचार वॉर्डात परिचारिका आहे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मुलं आठव्या दिवशी "फरक नाही" किंवा "सवय लागेल" म्हणून मनानंच बंद करतात आणि परत येतात तेव्हा जास्त खचलेली असतात. दुसरं, काळजी वाटली तर थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट समोरचा बोलायला लागतो. मात्र हे वाक्य पुस्तकात वाचून तोंडातून निघत नाही. समोरासमोर बसून, मोठ्यानं म्हणून बघावं लागतं. म्हणून पेपर नको, सराव हवा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ चोवीस तास चालू असतो, फुकट, मराठीतही बोलता येतं.

कडूनिंब: सराव असेल तर मी येतो शिकायला. गुण आणि हजेरी लावलीत तर विरोध कायम. आणि ते कुलूप आधी काढा.

पारिजात: गुण नसले तर किती जणी येतील? आमच्या वसतिगृहात योगदिनालाही हजेरी घ्यावी लागते. १४४१६ चा कागद मेसच्या दारावर आजच लावला, ताट घेताना दिसेल असा.