बोलेरो पिकअपच्या हौद्यावर एकच ताडपत्री घ्यायची तर कोणती?

ओतूर_पिकअप

नमस्कार मंडळी. आमची उघड्या हौद्याची बोलेरो पिकअप आहे. गाडी हे चालवतात. माल भरणं, बांधणं आणि हिशेब माझ्याकडे. आठवड्यातून तीन-चार रात्री ओतूरहून माळशेज उतरून वाशीला माल जातो.

मागच्या जुलैत घाटात ताडपत्री फाटली. निळी प्लास्टिकची होती, एकच पावसाळा वापरलेली. पुढच्या उजव्या कोपऱ्यातली रिंग निघाली, त्या भोकातून वारा आत शिरला आणि बोगद्याच्या अलीकडे कापड निम्म्यापर्यंत उभं चिरलं. धुकं एवढं होतं की गाडी बाजूला लावायचीही सोय नव्हती. साठ कॅरेट टोमॅटो होते, वरचे दोन थर भिजले. ओला टोमॅटो लवकर डाग धरतो. त्या दिवशी जो भाव मिळाला त्यात तोडणीची मजुरीही सुटली नाही. ह्यांनी घरी आल्यावर दोन दिवस नीट जेवण केलं नाही, म्हणून यंदा मला घाईने काही घ्यायचं नाही.

अडचण अशी की माल एकसारखा नसतो. टोमॅटो असला की चार थर कॅरेट, म्हणजे हौद्याच्या पाट्यापासून चार फूट उंच. कोथिंबीर-मेथी असली की वरून पाणी नको पण वारा हवा, नाहीतर जुड्या आतल्या आत गरम होऊन पहाटेपर्यंत पिवळ्या पडतात. कांद्याच्या गोण्यांचंही तेच, कोंडल्या की घाम येतो. परतीला खत किंवा पेंड असते, ती फाळक्याच्या खालीच राहते, पण तिला थेंबही चालत नाही. आणि बांधणारी माणसं दोन, मी आणि बारावीतला मुलगा. रात्री नऊला, पावसात, अंगणातल्या एका बल्बच्या उजेडात.

आळेफाट्याला चौकशी केली. एक म्हणतो सुती कॅनव्हासच घ्या, जुनं ते सोनं. दुसरा म्हणतो 650 जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाची) पीव्हीसी घ्या, दहा वर्षं बघायला नको. तिसरा पुन्हा तीच निळी दाखवतो. ज्यांनी वापरल्यात त्यांनीच सांगा.

संगमनेर_ड्रायव्हर

वहिनी, सतरा वर्षं गाडीवर आहे. कॅनव्हासच्या नादी लागू नका. कॅनव्हास वाईट नाही. सुताला पाणी लागलं की ते फुगतं, विणीतली भोकं बुजतात, आणि कोरडी असताना आतली वाफ बाहेर जाते. कांद्याला तिच्यासारखं दुसरं कापड नाही. पण भिजली की दोघांना उचलवत नाही, आणि ओली घडी दोन दिवस राहिली की बुरशीचे काळे ठिपके धरते. वाशीहून भिजून आलेली ताडपत्री तुम्ही जुलैत वाळवणार कुठे?

आणि एक सांगतो. ताडपत्री मधे फाटत नाही, फडफडून फाटते. घाटातल्या पावसापेक्षा कल्याणच्या पुढे साठ-सत्तरनं पळताना जास्त मार बसतो. आमची बांधायची रीत अशी: आधी पुढची बाजू, केबिनच्या मागे खाली ओढून घट्ट. मग पुढच्या दोन्ही कोपऱ्यांचे कान मागच्या दिशेला दुमडायचे. दुमडीचं तोंड मागं राहिलं की वारा शिरत नाही. तोंड पुढं राहिलं तर दहा किलोमीटरमध्ये फुगा होतो. मग बाजू, फाळका सगळ्यात शेवटी.

कॅरेट आधी वेगळ्या दोरीनं बांधा. ताडपत्रीच्या जिवावर माल सोडू नका, तिचं काम झाकायचं.

ओतूर_पिकअप

दादा, कान मागे दुमडायचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही जसे येतील तसे खोचत होतो. वाळवायचा प्रश्नही बरोबर आहे, आमच्याकडे गोठ्याची पडवी सोडली तर जुलैत कोरडी जागा नाही. कॅनव्हास यादीतून गेली.

शिवणकाम_इचलकरंजी

ताई, मी ताडपत्र्या शिवतो, टेम्पो आणि पिकअपच्याच जास्त. थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक जाडीवर पैसे घालतात आणि काठावर वाचवतात.

आधी माप. माप रिकाम्या गाडीवर घेऊ नका. साठ कॅरेट भरा आणि मग टेप लावा. तुमचा हौदा नऊ फूट बाय साडेपाच फूट धरतो. चार फूट उंचीचा माल, दोन्ही बाजूंना चार-चार फूट खाली आणि बांधायला थोडी जास्त, म्हणजे रुंदी साधारण पंधरा. लांबी पुढचं-मागचं धरून अठरा. 270 चौरस फूट झाले, म्हणजे 25 चौरस मीटर. आता वजन तुम्हीच काढा. 650 जीएसएम म्हणजे चौरस मीटरला 650 ग्रॅम, अख्खी ताडपत्री सव्वासोळा किलो. डोक्याच्या वर, पावसात, घसरत्या कॅरेटवर उभं राहून सव्वासोळा किलो पसरायचं. तुम्ही दोघं पहिल्या आठवड्यात कंटाळाल आणि मग अर्धवट बांधाल. 450 ची घेतली तर सव्वाअकरा किलो. तुमच्या गाडीला 450 ची पीव्हीसी पुरते. जाड माल दहा चाकीवाल्यांसाठी असतो.

निळी जी येते ती एचडीपीई नावाच्या प्लास्टिकच्या पट्ट्या विणून वरून प्लास्टिकचा थर दिलेली असते. हलकी आणि स्वस्त. उन्हानं ती कडक होते, बोटानं चोळली की पावडर सुटते, आणि एकदा चिरली की विणीबरोबर चिरत जाते. तुमची तशीच गेली. पीव्हीसीत आत पॉलिस्टरचं कापड असतं, सांधे शिवण्याऐवजी गरम हवेनं चिकटवता येतात, म्हणजे सुईची भोकंच राहत नाहीत. शिवण मारलीच तर वरून पट्टी चिकटवून घ्या.

जीएसएम दुकानदाराच्या तोंडून ऐकू नका. कापडाचा 10 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरचा चौकोन कापून मागा, सोनाराच्या काट्यावर ठेवा, येतील त्या ग्रॅमला शंभरनं गुणा. साडेचार ग्रॅम भरला तर 450.

आता काठ. तयार ताडपत्रीला तीन-तीन फुटांवर रिंग असते, ती धान्याच्या ढिगाला ठीक. गाडीला दीड फुटावर हवी. काठ दुपदरी, आत दोर घातलेला, आणि रिंगेखाली कापडाचा आणखी एक तुकडा. रिंग पितळेची किंवा ॲल्युमिनियमची, लोखंडी नको, ती गंजून कापड खाते. चारही कोपऱ्यांना तिपदरी ठिगळ आधीच लावून घ्या. ह्या सगळ्याला जो जास्त खर्च येईल तो करा, हवं तर कापड थोडं कमी जाडीचं घ्या.

ओतूर_पिकअप

दादा, तुमचं वाचून सकाळीच फाटक्या ताडपत्रीचा चौकोन कापला आणि जुन्नरला सोनाराकडे गेले. आम्हाला ती 250 जीएसएम म्हणून विकली होती. काट्यावर 1.4 ग्रॅम भरली. म्हणजे 140. सोनारानं दोनदा तोलून दाखवलं.

मला वाईट वाटलं ते पैशांचं नाही. वर्षभर मी समजत होते की गाठ मीच नीट मारली नव्हती. त्या रात्री पुढची गाठ मी मारली होती.

कोथिंबिरीचं मात्र अजून सुटत नाही. पीव्हीसी तर पूर्ण कोंडणार.

संगमनेर_ड्रायव्हर

वहिनी, 140 च्या प्लास्टिकला कुणाचीच गाठ तारत नाही. ते मनातून काढून टाका.

कोथिंबिरीला कमानी करा. लोखंडी पाइपच्या तीन कमानी, हौद्याच्या बाजूच्या खोबणीत बसणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या. ताडपत्री जुड्यांवर टेकत नाही, मधून हवा फिरते. पाणीही साचत नाही. सपाट बांधली की खड्डा पडतो, एक चौरस मीटरच्या खड्ड्यात एक इंच पाणी साचलं तरी पंचवीस किलो वजन झालं, आणि ब्रेक मारला की ते सगळं एकदम पुढं येतं.

कमानी वेल्डिंगनं कायमच्या जोडू नका. गाडी आरसीवर उघड्या हौद्याची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही. आणि माल बाजूनं किंवा उंचीनं मर्यादेबाहेर गेला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजार आहे. खेपांचं भाडं त्यात जातं.

ह्यूस्टनहून

ताई, मी टेक्सासमध्ये असतो, माहेर राजगुरुनगरचं, म्हणजे बायकोचं. इथे माझ्याकडे साडेसहा फुटी हौद्याची फोर्ड एफ-150 आहे. इथले मऊ कव्हर वेगळ्या जातीचे असतात. हौद्याच्या दोन्ही कडांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या शिकंजानं आवळतात, भोक पाडावं लागत नाही. त्यावर व्हायनिल कापड ताणून बाजूंना वेल्क्रोनं चिकटतं, आणि नको तेव्हा केबिनकडे गुंडाळून पट्ट्यानं बांधून ठेवायचं. दोन मिनिटांचं काम. पण कडेच्या वर माल गेला की त्याचा उपयोग संपतो, आणि मुसळधार पावसात केबिनजवळच्या कोपऱ्यातून थोडं पाणी येतंच. तुमच्या टोमॅटोला ते चालणार नाही.

तरी तुमची परतीची खताची गोणी वाचून वाटलं, तिला हेच हवं. ती कडेच्या खाली असते. अठरा फुटी ताडपत्रीची चार-चार पदरी घडी गोण्यांवर टाकण्यापेक्षा हौद्याच्या मापाचं एक सपाट कापड वेगळं का नको? आणि गुंडाळायची कल्पना बाजूंना वापरता येईल का, ते शिवणारे दादा सांगतील.

शिवणकाम_इचलकरंजी

येईल. मी हेच सुचवणार होतो. ताडपत्री एकसंधच ठेवायची, पण दोन्ही बाजूंना छताच्या ओळीवर आतून-बाहेरून पट्टे लावायचे, दर दोन फुटांवर एक. कोथिंबीर असली आणि पाऊस नसला की बाजू खालून वर गुंडाळायच्या आणि पट्ट्यात अडकवायच्या. छत कायम राहतं. बाजूंचे वेगळे पडदे करू नका, जोड आला की तिथूनच गळतं. मागच्या बाजूला फूटभर जाळीची खिडकी ठेवा, वर पीव्हीसीची झापड. गाडी पळताना मागून गरम हवा ओढली जाते. दिवसा माल भरून ठेवायचा असेल तर ताडपत्री नकोच, पॉलीहाऊसवाल्यांकडची शेडनेट टाका.

परतीचं सपाट कापड त्याच थानातून काढता येईल. बारा बाय साडेआठ केलं तर 450 च्या मापानं सव्वाचार किलो. ते ताई एकट्या टाकतील.

कमानीच्या पाइपला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळा, विशेषतः जिथे बोल्ट येतो तिथे. ताडपत्री आतून घासून जाते आणि बाहेरून कळत नाही. बांधायला नुसती नायलॉनची दोरी नको, भिजली की ती लांबते. प्रत्येक रिंगेत ट्यूबच्या रबराचा एक फास ठेवा आणि दोरी त्यातून न्या, ताण टिकतो. घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुऊन पाइपावर टांगा. दाबून घडी घालू नका, गुंडाळून ठेवा, घडीच्या रेघेवरच ती तडकते. आणि पेंडीच्या गोणीजवळ ठेवू नका, उंदीर लागतात.

ओतूर_पिकअप

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. 450 ची पीव्हीसी घेतली. चौकोन आधी तोलला, 4.4 ग्रॅम भरला, मग पैसे दिले. दुकानदार आधी कापून द्यायला तयार नव्हता, मी म्हटलं मग नको. रिंगा पितळेच्या, दीड फुटावर. तीन कमानी ओतूरलाच करून घेतल्या, निघणाऱ्या. बाजूच्या पट्ट्यांना दोन फुटांचं अंतर जास्त वाटलं, मधे कापड लोंबतं, म्हणून मी घरच्या मशीनवर मधे एकेक पट्टा वाढवला आणि शिवणीवर पट्टी चिकटवली.

पहिली खेप कोथिंबिरीची होती. घाटापर्यंत बाजू वर, माळशेजच्या तोंडाशी पाऊस लागल्यावर ह्यांनी एकट्यानं दहा मिनिटांत खाली सोडल्या. वाशीहून पहाटे फोन आला, मधली जुडी काढून बघितली, थंड आहे.

दुसरी खेप टोमॅटोची, परवाची. घाटात वरून धबधब्याचं पाणी अंगावर येतं त्या वळणातूनही गाडी गेली. वरचा थर कोरडा. मागच्या फाळक्याजवळ मात्र दोन कॅरेट ओले निघाले. जाळीच्या झापडीखालून तुषार येतात असं ह्यांचं म्हणणं. इचलकरंजीच्या दादा, झापड लांब करू की खिडकीच वर उचलून घेऊ? गुरुवारी पुन्हा खेप आहे, त्याआधी मशीनवर बसता येईल.