कॅनॉपी चिकटवायची कशाने?

१:७२ प्रमाणातलं स्पिटफायर विमानाचं प्लास्टिक मॉडेल जवळपास पूर्ण झालंय. राहिलीय फक्त पारदर्शक कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं झाकण. सुपरग्लू लावला तर काच धुरकट होते म्हणतात. हे खरं आहे का? आणि मग लावायचं काय? कॉकपिटमध्ये सीटबेल्टसुद्धा रंगवलेत हो, ते दिसले पाहिजेत!

उत्तर १
खरं आहे. सुपरग्लू सुकताना त्याची वाफ निघते आणि जवळच्या प्लास्टिकवर पांढरी बसते. बोटांचे ठसे असतील तिथे तर हमखास. बंद कॉकपिटमध्ये वाफेला बाहेर पडायला वाटच नसते. साधा पांढरा पीव्हीए गोंद घ्या, सुकल्यावर पारदर्शक होतो. टूथपिकने कडेला अगदी बारीक रेघ ओढा. जास्त झाला तर ओला असतानाच ओल्या इअरबडने पुसता येतो. पकड कमी असते, पण कॅनॉपीवर भार असतो तरी कुठे?

उत्तर २
पॉलिस्टायरीनचा पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद, तर लांबच ठेवा. तो फटीतून पळतो आणि काच विरघळवतो. आणि आधी कॅनॉपी गोंद न लावता, कोरडी बसवून बघा. फट दिसली तर कड हळूहळू घासा, गोंदाने बुजवायला जाऊ नका.

प्रश्नकर्ता
मग रंग आधी की कॅनॉपी आधी?

उत्तर १
मी आधी चिकटवतो. काचांवर मास्किंग टेप, मग फ्रेमवर पहिला हात कॉकपिटच्या आतल्या हिरव्या रंगाचा, त्यावर कॅमोफ्लाजचा. आतून बघितलं की फ्रेम हिरवीच दिसते. बंद करण्याआधी आतली धूळ मात्र झटका, नंतर हात पोचत नाही.